पायांची गोळी बदलताना

रात्री अंथरुणाला पाठ टेकली की पोटऱ्यांत काहीतरी वळवळायला लागतं. पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही. उठून घरातल्या घरात चार फेऱ्या मारल्या की बरं वाटतं, आणि आडवं झालं की पुन्हा तेच. रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम ज्यांना आहे, त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. हा लेख त्यांच्यातल्या काही जणांसाठी आहे. ज्यांचं औषध बदलायचं ठरलंय त्यांच्यासाठी, आणि बदलायला घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात "हे नवीन औषध मला सोसत नाही" म्हणून ज्यांनी पाकीट कपाटात टाकून दिलंय त्यांच्यासाठीही.

अशी माणसं आता वाढत जाणार आहेत, आणि त्याला कारण आहे. रोपिनिरोल आणि प्रामिपेक्सोल या दोन औषधांना अमेरिकेत या आजारासाठी अनुक्रमे २००५ आणि २००६ मध्ये मान्यता मिळाली. त्यानंतर बरीच वर्षं जगभर पहिली चिठ्ठी त्यांचीच निघायची. ही औषधं मेंदूत डोपामिनसारखं काम करतात आणि गुण लगेच देतात. कित्येकांना पहिल्या-दुसऱ्या रात्रीच शांत झोप लागते. अडचण येते ती पुढे काही वर्षांनी. ज्या गोळीने त्रास शमत होता, तीच त्रास वाढवायला लागते. डॉक्टर याला ऑगमेंटेशन म्हणतात. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत याच कारणाने या औषधांचा सर्रास वापर करू नये असं सांगितलं, आणि गॅबापेंटिन, प्रेगाबालिन आणि शरीरातलं लोह भरून काढणं या उपायांना पुढे आणलं. तुमच्या डॉक्टरांनी औषध बदलायचं काढलं असेल, तर त्यामागे बहुधा हाच विचार असणार.

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या, माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षिकेचं उदाहरण सांगतो. बाईंना सुरुवातीला प्रामिपेक्सोलची ०.१२५ मिलिग्रॅमची एक गोळी रात्री पुरायची. मग दोन लागायला लागल्या. पाचेक वर्षांत डोस ०.७५ पर्यंत गेला. या आजारात एवढा डोस जास्तच म्हणायचा. गोळी वाढवली की महिनाभर बरं वाटायचं आणि मग पाढे पंचावन्न. पूर्वी रात्री दहानंतर सुरू होणारा त्रास दुपारी चारच्या चहालाच हजर व्हायला लागला. मग हातांतही तसंच वळवळायला लागलं. घरच्यांना वाटलं, वय झालं. बाईंना वाटलं, आजार वाढला. पण त्रास दिवसा लवकर सुरू होणं, बसल्याबसल्या चटकन येणं, हातांत पसरणं, आणि डोस वाढवूनही गुण न टिकणं ही सगळी ऑगमेंटेशनची लक्षणं आहेत. अशा वेळी आणखी एक गोळी वाढवणं म्हणजे आगीत तेल ओतणं.

बदल करणं फायद्याचं आहे का, याचा एक चांगला पुरावा आहे. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये २०१४ साली वर्षभर चाललेल्या एका तुलनेचे निष्कर्ष आले. प्रेगाबालिन घेणाऱ्यांत ऑगमेंटेशनचं प्रमाण २.१ टक्के निघालं, तर प्रामिपेक्सोलच्या ०.५ मिलिग्रॅमवर असलेल्यांत ७.७ टक्के. हा फक्त एका वर्षाचा हिशेब आहे. प्रामिपेक्सोलवर वर्षं वाढत जातात तशी जोखीमही साठत जाते.

बदल योग्य आहे, हे मान्य. पण तो सोसायचा कसा? मला वाटतं, या आठवड्यांत रुग्णाचं सगळ्यात मोठं नुकसान होतं ते गफलतीमुळे. शरीरात एकाच वेळी तीन वेगवेगळ्या गोष्टी चाललेल्या असतात: जुनी गोळी सुटत असते, नवी अंगवळणी पडत असते, आणि मूळ आजार तर असतोच. त्रास झाला की आपण सरसकट नव्या गोळीच्या माथी मारतो आणि ती बंद करतो. काय कशामुळे होतंय हे ओळखता आलं, तर निम्मं काम झालं.

आधी रक्त, मग चिठ्ठी

बदलाला हात घालण्यापूर्वी दोन तपासण्या झाल्याच पाहिजेत. एक लोहाची, दुसरी मूत्रपिंडाची.

लोहाची म्हणजे नुसतं हिमोग्लोबिन नव्हे. फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन या दोन्ही चाचण्या मागा. सकाळी उपाशीपोटी रक्त द्या, आणि लोहाची गोळी चालू असेल तर निदान आदल्या दिवसापासून थांबवा. रिपोर्ट हातात आला की बहुतेक जण फसतात. फेरिटिन २५ आलं तरी लॅबच्या कागदावर 'नॉर्मल' असंच छापलेलं असतं, कारण तिथली खालची मर्यादा १०-१५ च्या आसपास असते. या आजारात मात्र फेरिटिन ७५ किंवा त्याहून कमी असेल, किंवा सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली असेल, तर मोठ्या माणसाला लोह द्यावं असं तज्ज्ञ सांगतात. मेंदूला लोह कमी पडलं की डोपामिनचा कारभार बिघडतो. हिमोग्लोबिन तेरा असलेल्या माणसाचंही लोहाचं कोठार रिकामं असू शकतं. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. म्हणून बायकांनी तर ही तपासणी टाळूच नये. अंगात ताप किंवा कुठे सूज असेल तर फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं, तेव्हा आजारपण उतरल्यावरच रक्त द्या.

कोल्हापुरात इथे एक गोष्ट हमखास आड येते: "रोज गूळ खातो की, लोह कसं कमी असेल?" आपल्या गुळाचं कौतुक आहेच, पण रिकामं झालेलं कोठार गुळाच्या खड्याने भरत नाही. मटणातलं लोह शरीराला लवकर लागतं, हे खरं. तरीही फेरिटिन फार खाली असेल तर गोळी किंवा शिरेतून दिलं जाणारं लोह याला पर्याय नाही. गोळी घेताना तिच्याबरोबर लिंबूपाणी घ्या. चहा आणि दूध दोन तास लांब ठेवा. सकाळी गंगावेशीत कट्ट्यावर दूध पिऊन आल्या आल्या लोहाची गोळी घेतली तर तिचा बराचसा भाग वाया जातो. थायरॉईडची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि लोहात चार तासांचं अंतर पाडा. शौचाला काळी होते, बद्धकोष्ठ होतो. त्रास फार झाला तर डॉक्टरांना विचारून एक दिवसाआड घ्या, लोह तरीही चांगलं शोषलं जातं. शिरेतून लोह दिलं तरी पायांना फरक कळायला काही आठवडे लागतात. दुसऱ्या दिवशी काही झालं नाही म्हणून निराश होऊ नका.

दुसरी तपासणी क्रिएटिनिनची. गॅबापेंटिन आणि प्रेगाबालिन दोन्ही जवळजवळ पूर्णपणे मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात. मूत्रपिंड मंदावलेलं असेल तर नेहमीचा डोसही अंगात साचत जातो आणि माणूस दिवसभर गुंगीत राहतो. मधुमेह, रक्तदाब, साठीपुढचं वय यांपैकी काही असेल तर आधी क्रिएटिनिन बघितल्याशिवाय गोळी सुरू करू नका. डायलिसिसवर असणाऱ्यांचा डोस अगदीच थोडा असतो आणि तो डायलिसिसच्या वेळेशी जुळवूनच ठरवतात.

जुनी सोडताना

प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल एका रात्रीत बंद करायची नाही. पाकीट संपलं, मेडिकल बंद होतं, उद्या आणू, असंही चालत नाही. साधारण रीत अशी असते की आधी नवं औषध सुरू करून उपयोगी डोसपर्यंत आणायचं आणि मग जुनं हळूहळू कमी करायचं. प्रामिपेक्सोल बऱ्याचदा ०.१२५ मिलिग्रॅमच्या पायरीने, एक-दोन आठवड्यांना एक पायरी, असं उतरवतात. डोस मोठा असेल तर याला दोन-तीन महिनेही लागतात. पायरी केवढी आणि किती दिवसांनी हे डॉक्टर ठरवतील. तुम्ही एकच करा, ते वेळापत्रक तारखांसकट कागदावर लिहून घ्या. ईआर किंवा एसआर लिहिलेली, सावकाश विरघळणारी गोळी असेल तर ती स्वतःहून मोडून अर्धी करू नका.

प्रत्येक पायरीनंतर दोन-चार रात्री वाईट जातात, आणि शेवटची, सगळ्यात लहान पायरी बहुतेकांना सगळ्यात जड जाते. ०.१२५ वरून शून्यावर येताना कित्येकांची झोप आठवडाभर, क्वचित दोन आठवडे, पार उडते. हे आधी माहीत नसेल तर माणूस घाबरून जातो. त्याला वाटतं आजार हाताबाहेर गेला. खरं तर ती डोपामिनच्या गोळीची सवय सुटण्याची धडपड असते आणि ती ओसरते. म्हणून शेवटच्या पायरीची तारीख विचार करून निवडा. घरात लग्नकार्य असताना नको, गणपतीत नको, मुलांच्या परीक्षेत नको, कारखान्याचा गळीत हंगाम सुरू होत असताना तर नकोच. जमलं तर आठवडाभर रजा टाका आणि घरात सोबतीला कुणीतरी असू द्या. त्या दिवसांत डॉक्टर गावाला तर जाणार नाहीत ना, हेही विचारून घ्या.

जुनी गोळी सुटताना पायांपलीकडचाही एक त्रास काही जणांना होतो आणि त्याबद्दल कुणी सांगत नाही. विनाकारण जीव घाबरा होणं, घाम फुटणं, मन पार खाली जाणं, अंग ठणकणं, कशातच रस न वाटणं, गोळी पुन्हा घ्यावी अशी तीव्र ओढ वाटणं. फेऱ्या मारून हे कमी होत नाही. मोठ्या डोसवर बरीच वर्षं असलेल्यांत, आणि गोळी चालू असताना ज्यांचा ताबा सुटला होता अशांत, हे जास्त दिसतं. ताबा सुटणं म्हणजे ऑनलाइन रमीत पैसे घालवणं, गरज नसताना खरेदी करत सुटणं, अवेळी खात राहणं, लैंगिक वागण्यात एकाएकी बदल होणं. या गोळ्यांचा हा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. माणूस मुळात वाईट निघाला असा त्याचा अर्थ नाही. तुमच्या घरी असं काही घडलं असेल तर लाज न बाळगता डॉक्टरांना सांगा, कारण मग औषध उतरवण्याचा वेग त्यांना बदलावा लागतो.

नवी अंगवळणी पडताना

गॅबापेंटिन किंवा प्रेगाबालिनच्या पहिल्या दोन आठवड्यांत चक्कर, गुंगी, चालताना तोल जाणं, डोळ्यांपुढे अंधुक दिसणं हे बऱ्याच जणांना होतं. बहुतेकांचं ते दोन-तीन आठवड्यांत निवळतं. ते ओळखायची खूण घड्याळात असते. गोळी घेतल्यावर एक-दोन तासांत सुरू होऊन सकाळपर्यंत उतरत जाणारी गुंगी नव्या औषधाची. संध्याकाळी बसल्यावर येणारी आणि चालल्यावर जाणारी वळवळ आजाराची किंवा जुनी गोळी सुटण्याची.

सकाळी डोकं जड राहत असेल तर डोस कमी करण्याआधी वेळ बदलून बघता येते का ते विचारा. रात्री साडेदहाला घेतलेली गोळी साडेआठला घेतली तर सकाळची गुंगी बरीच उतरते. शिवाय पायांचा त्रास सुरू होण्याआधी औषध रक्तात पोचलेलं असतं. या गोळ्या त्रास सुरू झाल्यावर घेऊन तितका उपयोग नसतो. प्रेगाबालिन भरपेट जेवणावर घेतलं तर परिणाम दिसायला उशीर होतो, तेव्हा रोज एकाच पद्धतीने घ्या: जेवणाआधी तर जेवणाआधी, नंतर तर नंतर. गॅबापेंटिनच्या जवळपास पित्ताचं पांढरं पातळ औषध घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. त्यातल्या ॲल्युमिनियम-मॅग्नेशियममुळे गॅबापेंटिन नीट शोषलं जात नाही. सुरुवातीचा डोस लहान ठेवण्याचा आग्रह धरा, विशेषतः साठी-पासष्टीच्या पुढे. पहिल्याच दिवशी मोठा डोस दिला आणि माणूस न्हाणीघरात पडला, की तो पुन्हा त्या गोळीच्या वाटेला जात नाही.

पडण्याची भीती इथे खरोखरच मोठी आहे. या आजाराची माणसं रात्री उठून फिरतात, आणि नवी गोळी नेमकी त्याच वेळी तोल बिघडवत असते. शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत अजून जुनी घरं आहेत, उंच उंबरे, अरुंद जिने, संडास मागच्या अंगणात. फेऱ्या मारण्यासाठी घरातली एक सपाट वाट ठरवा, तिथली सतरंजी उचला, बारीक दिवा रात्रभर जळू द्या. उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसा. पहिले पंधरा दिवस आणि प्रत्येक वेळी डोस वाढल्यावर काही दिवस मोपेड-मोटारसायकल चालवू नका. शिरोलीच्या फौंड्रीत भट्टीपाशी उभं राहणारे, इचलकरंजीत रात्रपाळीला माग चालवणारे, यांनी डॉक्टरांना कामाचं स्वरूप आवर्जून सांगितलं पाहिजे. शक्य असेल तर तेवढे दिवस मशीनपासून लांबचं काम मागून घ्या.

पुढच्या काही महिन्यांत वजन वाढू शकतं आणि पावलांवर सूज येऊ शकते. महिन्यातून एकदा वजन करा. दोन्ही पायांवर सारखी सूज असेल तर घाबरायचं कारण नाही, पण डॉक्टरांच्या कानावर घाला. हृदय अशक्त असणाऱ्यांनी आणि मधुमेहासाठी पायोग्लिटाझोन घेणाऱ्यांनी तर लगेच. एकाच पायावर सूज, दुखरेपणा, गरमपणा आला तर ते या गोळीचं काम नव्हे. रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी दवाखान्यात जा.

दारू या काळात पूर्ण बंद. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या झोपेच्या गोळ्या किंवा ट्रॅमाडॉलसारखं दुखण्याचं औषध चालू असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्ये मुद्दाम इशारा दिला होता की गॅबापेंटिन-प्रेगाबालिनबरोबर अशी औषधं घेतल्यास, किंवा दमा-सीओपीडीसारखा श्वसनाचा आजार असल्यास, श्वास धोकादायकरीत्या मंदावू शकतो. रात्री मोठ्याने घोरणाऱ्या आणि झोपेत श्वास अडकणाऱ्यांनीही हे सांगितलं पाहिजे. आणि ही नवी औषधंही एकदम सोडायची नाहीत. नकोशी झाली तरी निदान आठवडाभरात, सांगतील तशी उतरवत न्यायची.

गरोदर असाल, किंवा राहण्याचा विचार असेल, तर यातलं काहीही सुरू करण्यापूर्वी तसं स्पष्ट सांगा. गरोदरपणात पायांचा हा त्रास पुष्कळ जणींना होतो. त्यात लोहाकडे आधी बघतात, आणि बाळंत झाल्यावर बहुतेकींचा त्रास ओसरतो.

वरून घेतलेल्या गोळ्या

आता ज्या गोष्टीकडे सगळ्यात कमी लक्ष जातं आणि जिच्यामुळे सगळ्यात जास्त बदल फसतात, तिच्याबद्दल जरा सविस्तर.

नव्या गोळीने चक्कर आली. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून 'चक्करची गोळी' आणली. ती स्टेमेटिल असते, म्हणजे प्रोक्लोरपेराझिन, किंवा सिनारिझिन. मळमळलं म्हणून पेरिनॉर्म घेतली, म्हणजे मेटोक्लोप्रामाइड. पोटात जळजळतं म्हणून सकाळी उपाशीपोटी घ्यायची कॅप्सूल सुरू केली, आणि तिच्यात रॅबेप्राझोलबरोबर लेव्होसल्पिराइड निघालं. झोप नाही म्हणून कुणी अमिट्रिप्टिलिन दिली. सर्दी झाली म्हणून क्लोरफेनिरामिन असलेली गोळी घेतली. यातली प्रत्येक गोष्ट पायांची वळवळ वाढवू शकते. पहिली चार तर मेंदूत डोपामिनच्या वाटेवरच आडवी बसतात. जुनी डोपामिनसारखी गोळी सुटत असताना हे घेणं फार महागात पडतं. त्या रात्री पाय पेटतात आणि दोष प्रेगाबालिनच्या वाट्याला येतो. मेटोक्लोप्रामाइडसारख्या औषधानंतर दिवसाढवळ्या सगळ्या अंगात तगमग सुरू झाली, एका जागी उभंही राहवेना झालं, तर ती गोळी बंद करून लगेच डॉक्टरांना कळवा.

याहून लपलेली अडचण आपल्याकडच्या मिश्र गोळ्यांची. प्रेगाबालिन किंवा गॅबापेंटिन नुसतं मिळतं तसंच ते नॉर्ट्रिप्टिलिनबरोबर एकाच गोळीतही मिळतं. नसांच्या दुखण्यासाठी हे मिश्रण सर्रास लिहिलं जातं, आणि तिथे त्याचा उपयोगही होतो. पण नॉर्ट्रिप्टिलिन ज्या गटातलं आहे त्या गटाने रेस्टलेस लेग्ज बिघडू शकतं. म्हणजे एकाच गोळीतला अर्धा भाग पायांना शांत करणार आणि उरलेला चाळवणार. पाकिटाची मागची बाजू उजेडात धरून वाचा. वर मोठ्या अक्षरांतल्या ब्रँडच्या नावाकडे बघू नका, त्याखालची बारीक ओळ वाचा. नावापुढे एनटी किंवा नुसतं एन असेल तर संशय घ्या आणि डॉक्टरांना विचारा, "मला साधी प्रेगाबालिन चालेल का?" मिथाइलकोबालामिन, म्हणजे बी-१२ बरोबरची गोळी असेल तर ती पायांना त्रास देत नाही. जेनेरिक साधी गोळी जनऔषधी केंद्रात स्वस्तातही मिळते.

मग चक्कर-मळमळीला करायचं काय? मळमळीला ऑनडॅनसेट्रॉन विचारता येतं, ते पायांच्या वाटेला जात नाही. सर्दी-शिंक, अंगाला खाज यासाठी फेक्सोफेनाडिन. चक्करला आधी डोस आणि वेळ बदलून बघावी, वेगळी गोळी घालू नये. मनाची औषधं चालू असतील, नैराश्यावरची, चिंतेवरची, मनोविकारावरची, तर त्यांतलीही काही पाय बिघडवतात. पण ती स्वतःहून थांबवू नका, ती थांबवण्याचा धोका पायांच्या त्रासापेक्षा मोठा असतो. मानसोपचारतज्ज्ञ आणि पायांचे डॉक्टर यांचं एकमेकांशी बोलणं घडवून आणा. सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत जात असाल किंवा खासगी दवाखान्यात, सोबत घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवीच न्या. आयुर्वेदिक, होमिओपॅथिक, शेजाऱ्यांनी दिलेलं, सगळं. ओपीडीत मिळणाऱ्या पाच मिनिटांत पिशवी जे सांगते ते तोंडाने सांगून होत नाही.

वाईट रात्री

अशा रात्रींसाठी तयारी दिवसाच करायची असते. दुपारनंतर चहा-कॉफी बंद. कोल्हापूरकराला हे जड आहे याची मला कल्पना आहे, पण निदान शेवटची पायरी उतरताना तरी पाळा. मिश्री, तंबाखू, सिगारेट यांतलं निकोटिन झोप आणखी उडवतं. संध्याकाळी रंकाळ्यावर बेताचं चालणं चांगलं. रात्री उशिरा दमछाक होईल असा व्यायाम नको. झोपण्यापूर्वी पोटऱ्यांना ताण द्या, भिंतीला हात टेकून एक पाय मागे, टाच जमिनीला. कोमट पाण्यात पाय बुडवून बसणं, तेल लावून चोळणं, काहींना गार पाण्याचा कपडा, यातलं तुम्हाला काय मानवतं ते दोन-तीन रात्रींत कळतं.

पायांना ओढणी किंवा धोतराची पट्टी करकचून बांधून झोपायची आपल्याकडे जुनी सवय आहे. दाब बरा वाटतो हे खरं. पण गुंगी आणणारी गोळी घेतल्यावर बांधलेली पट्टी घट्ट झालेली कळत नाही, पाय सुजतो, रक्ताभिसरण अडतं. मधुमेह असेल तर हे अजिबात नको. दाबच हवा असेल तर मापाचे मोजे वापरा, तेही डॉक्टरांना विचारून.

एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. मन कशात गुंतलं की वळवळ कमी जाणवते. अंधारात छताकडे बघत पडण्यापेक्षा उठून बसा आणि बोटांना व डोक्याला काम द्या: शब्दकोडं, विणकाम, मेथी निवडणं, हिशेबाची वही. मोबाईलवर बोट फिरवत बसणं यात मोडत नाही, त्याने झोप आणखी लांबते. मुंबईचा प्रवास टाळता येत नसेल तर या आठवड्यांत महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये खालचा, कडेचा बर्थ घ्या म्हणजे उठून डब्यात फिरता येईल. बसपेक्षा रेल्वे केव्हाही बरी.

घरच्यांसाठी दोन शब्द. पाय हलवू नये, अवदसा येते, असं लहानपणापासून ऐकलेलं असतं, आणि नकळत तोंडून निघून जातं. या माणसाच्या हातात ते नसतं. रात्री तीनला स्वयंपाकघरात कुणी फेऱ्या घालत असेल तर "झोप की आता" म्हणण्यापेक्षा पाच मिनिटं पोटऱ्या चेपून द्या. आणि सकाळी त्याच्या वहीत लिहून ठेवा, कारण त्याला स्वतःला ते नीट आठवणार नाही: काल कोणती गोळी किती वाजता, पायांचा त्रास किती वाजता सुरू झाला, गुंगी-चक्कर केव्हा, झोप किती. चार ओळी पुरेत. पंधरा दिवसांच्या या नोंदींवरून डॉक्टर जेवढं ठरवू शकतील तेवढं "लई त्रास होतोय बघा" एवढ्यावरून ठरवू शकणार नाहीत.

काही गोष्टींसाठी मात्र पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. माणूस हलवूनही नीट जागा होत नाही, श्वास मंद किंवा अडखळत चाललाय, ओठ निळसर झालेत, ओठ-चेहरा सुजून श्वास कोंडतोय, पडून डोक्याला मार लागलाय: १०८ ला फोन करा. अंगावर पुरळ आणि ताप एकत्र आले तर त्याच दिवशी दाखवा. मनात जीव द्यायचे विचार यायला लागले, किंवा घरच्यांना बोलण्यात तसं काही जाणवलं, तर लगेच डॉक्टरांना गाठा. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर रात्रंदिवस चालू असतो. अपस्माराची म्हणून ओळखली जाणारी ही औषधं क्वचित मनावर असा परिणाम करतात, आणि जुनी गोळी सुटतानाही तो होतो. दोन्ही एकत्र आले की जास्तच जपायला हवं.

सगळं नीट करूनही काही जणांना गॅबापेंटिन-प्रेगाबालिन सोसतच नाही. तिथे रस्ता संपत नाही. शिरेतून लोह, दुसऱ्या गटातली औषधं, आणि आजार अतितीव्र असेल तर तज्ज्ञांच्या नजरेखाली अगदी थोड्या मात्रेत ओपिऑइड गटातलं औषध, असे पर्याय उरतात. ते ठरवायला मेंदूविकारतज्ज्ञच हवा.

जुनी गोळी पूर्ण सुटल्यावर दोन-तीन महिन्यांनी फेरिटिन पुन्हा करा आणि नव्या औषधाचा डोस कमी करता येईल का ते विचारा. बदलाच्या काळात वाढवलेला डोस तसाच वर्षानुवर्षं चालू राहिलेला पुष्कळदा दिसतो. आणि कपाटात उरलेली प्रामिपेक्सोलची पाकिटं "एखाद्या वाईट रात्री लागेल" म्हणून ठेवू नका. अधूनमधून स्वतःच्या मनाने घेतलेली एकेक गोळी तुम्हाला पुन्हा त्याच वाटेवर नेऊ शकते. क्वचित गरज लागेल असं डॉक्टरांना वाटत असेल तर ते तसं चिठ्ठीवर लिहून देतील, किती आणि केव्हा यासकट.